शॉकप आणि झोळी

मराठीचे अध्यापन करणाऱ्या माणसाने मोटारीच्या शॉकअॅब्सॉर्बरविषयी लिहावे, हे आमच्या काही स्नेह्यांना रुचणार नाही. त्यांची आगाऊ क्षमा मागतो. आमचे धाकटे बंधू शेती पाहतात आणि शेतीच्या जोडीला धडगावकडचा आमचूर खाली आणण्याचा उद्योग करतात. त्यासाठी त्यांनी एक जुनी बोलेरो पिकअप घेतली. चारही चाकांना जोर देता येतो अशी. पैसे निम्मे आमचे होते, त्यामुळे गाडीविषयीचे निर्णयही, निदान तत्त्वतः, निम्मे आमचे.

तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटाने जावे लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, त्यानंतर या भागात रस्ते पुष्कळ झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु डांबर मुख्य रस्त्यापुरते. तेथून पाड्याकडे वळले, की नाल्यातले गोटे, पावसाने खरवडलेली चढण आणि एका बाजूला दरी. पावसाळ्यात घाटही भरवशाचा नसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून हा रस्ता बंद झाला, तेव्हा एक माणूस आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. ही बातमी वर्तमानपत्रांतून आली होती. वाचकांपैकी काहींना आठवत असेल.

अशा ठिकाणी मालाची गाडी केवळ मालाची राहत नाही. खाली येताना आमचूर आणि वर जाताना माणसे. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात एका पाड्यावरची बाळंतीण (खरे तर अजून व्हायची होती) बांबूच्या झोळीतून चौघांनी आळीपाळीने खांदा देत आमच्या गाडीपर्यंत आणली. मागे गोधडी अंथरली. तासाभराने आम्ही धडगाव गाठले. सगळे सुखरूप पार पडले. काही महिन्यांनी तीच बाई बाजारात भेटली. आम्ही, शिक्षकी सवयीने, कौतुकाच्या अपेक्षेनेच विचारपूस केली. ती पावरीत जे म्हणाली, ते मराठीत सांगायचे तर असे : झोळीत बरे होते, गाडीत जीव जायची वेळ आली.

वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा १९८७ सालचा संग्रह आम्ही वर्गात अनेकदा हाताळला आहे. गोधडीचे प्रतिमा म्हणून जेवढे करता येते, तेवढे केले आहे. लोखंडी हौद्यात ती किती पातळ असते, याचा विचार मात्र त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

घरी येऊन आम्ही जाहीर केले, की शॉकप बदलायचे. (मिस्त्रीलोकांनी ‘शॉकअॅब्सॉर्बर’चा केलेला हा संक्षेप आम्हांला मूळ शब्दाहून सरस वाटतो. भाषाशुद्धीवाल्यांनी सुचविलेला कोणताही प्रतिशब्द गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत गेलेला आम्ही पाहिलेला नाही.) बंधूंनाही ते हवेच होते, पण वेगळ्या कारणासाठी. त्यांना जड, ताठ, अधिक माल सोसणारे शॉकप हवे होते. शहरातल्या एका दुकानदाराने तसे स्वस्तात दिलेही. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या अंगावरून तेल ओघळू लागले.

मग आम्ही आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली शिरण्यापूर्वीच पहिला गैरसमज दूर केला. शॉकप माल पेलतच नाही. माल पेलतात ते पाटे. खड्ड्यात दबलेला पाटा उसळून वर येतो, पुन्हा दबतो. ही उसळी आवरणे एवढेच शॉकपचे काम. त्याच्या आत दट्ट्या असतो, तो तेलाला बारीक झडपांतून ढकलतो आणि उसळीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. घाटात, दगडांवर, तास दीड तास हे चालले, की तेल तापते, त्यात फेस होतो आणि दट्ट्या नुसताच फेसात खालीवर होतो. म्हणून नायट्रोजन भरलेले शॉकप घ्यायचे. वायूच्या दाबाखाली फेस लवकर धरत नाही.

त्यांतही दोन जाती. एकेरी नळीचा शॉकप लवकर निवतो आणि आमच्या एका विद्यार्थ्याच्या मते तोच श्रेष्ठ होय. परंतु त्याची बाहेरची नळी हीच दट्ट्याची नळी असते. नाल्यातला एखादा गोटा उडून तिला पोचा पडला, तर दट्ट्या अडकतो. दुहेरी नळीच्या शॉकपला असा बाहेरचा पोचा बहुधा सोसतो. आम्ही दुहेरी नळीचा, वायू भरलेला, मध्यम ताठपणाचा घ्यायचे ठरवले. दबताना मऊ, परतताना आवरून धरणारा.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, “सर, मागं एक पाटा जादा आहे. आधीच्या मालकानं टाकलेला. हा असेपर्यंत तुम्ही सोन्याचा शॉकप लावा, रिकामी गाडी आपटणारच.”

गणित सरळ होते. मागचे पाटे भरल्या गाडीसाठी बसवलेले; रोगी नेताना गाडी रिकामी. पन्नास-साठ किलोच्या बाईच्या वजनाने ते वाकायचे तरी कसे? झोळीचा बांबू तिच्या भारानेच लवतो, आणि खाली माणसांचे गुडघे असतात. जादा पाटा काढला तर गाडी नरम होईल. आमचूर मात्र कमी बसेल. आमचुराचा हंगाम तो केवढा! बंधू म्हणाले, “दादा, तू पगारदार आहेस.” हे खरे होते आणि लागावे म्हणूनच म्हटलेले होते. आम्हांला उत्तर सुचले नाही. त्या संध्याकाळी आम्ही परत आलो, आणि दोन दिवस घरात गाडीविषयी कुणी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी बंधू एकटेच जाऊन पाटा काढून आले. शॉकपचे पैसे आम्ही दिले. चढावरून येताना टायरांतली हवा थोडी कमी करण्याची युक्तीही मिस्त्रींनी शिकवली. परतीला, डांबरावर येताच ती पुन्हा भरायची.

नवे शॉकप बसल्यावर आम्ही हट्टाने मागच्या हौद्यात गोधडीवर आडवे झालो आणि पाड्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत तसेच आलो. पुढून बंधू मोठ्याने विचारत होते, “दादा, आहेस ना?” पाठ शेकून निघाली. परंतु पूर्वी हौद्यात अंग उडून पुन्हा आपटायचे, ते या खेपेला दोनदाच झाले. झोळीची सर आली, असे म्हणवत नाही.

काढलेला पाटा बंधूंनी भंगारात घातलेला नाही. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून गोठ्यात उभा केला आहे. हंगाम आला की त्याच्याकडे बघतात.