हत्यारांची पेटी आणि दहा बाय बाराची खोली

कष्टकरी माणसाच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारले तर कोणी दागिना म्हणेल, कोणी टीव्ही म्हणेल. मी म्हणेन, हत्यारांची पेटी. दागिना अडीअडचणीला एकदाच कामी येतो. पेटी रोज घरात भाकरी आणते. पण याच पेटीवरून आपल्या घरांत रोज कुरबूरही होते, कारण ती जागा खाते. म्हणून आज या साध्या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

मी फिटर. वसई पूर्वेला वालीव, सातिवली भागातल्या लहान कारखान्यांत तीस वर्षे मेंटेनन्सचे काम केले. आता थकलो. मुलगा वायरिंगची आणि पंखे-मोटारींच्या दुरुस्तीची कामे करतो. धाकटा भाऊ प्लंबर आहे. आम्ही नालासोपारा पूर्वेला चाळीत राहतो. दहा बाय बाराची एक खोली, मागे ओटा आणि मोरी. माणसे सहा. तिघांच्या हत्यारांच्या मिळून दोन पत्र्याच्या पेट्या, एक रंगाची बादली आणि तीन पिशव्या होत्या. सौ. म्हणायची, "अहो, या घरात माणसं राहायची की लोखंड?" तिचे बोलणे खोटे नव्हते. नात अभ्यासाला बसायची ती पेटीवरच वही ठेवून.

तरी ते लोखंड मला कधी अडगळ वाटले नाही. त्याला कारण आहे. माझ्या आजोबांच्या हातात गावकीची काठी होती. ती काठी त्यांची नव्हती, गावाची होती. वडील मुंबईला गिरणीत आले. त्या काळाच्या आधी गिरणीत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपले तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. एका लाकडी धोट्याला हात लावू देण्यासाठी भांडावे लागले, हे आजच्या पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही. वडिलांनी पहिल्या बोनसमधून स्वतःचा पाना घेतला, तेव्हा तो त्यांनी आजोबांच्या हातात ठेवला होता, असे आई सांगे. स्वतःच्या मालकीचे हत्यार म्हणजे काय, हे आमच्या घराला असे कळले.

आता कामाचे बोलू. पेटी लावायची तर आधी ती पूर्ण रिकामी करावी. जुनी चादर पसरून सगळी हत्यारे तिच्यावर मांडावीत आणि तीन ढीग करावेत. रोज लागणारी, महिन्यातून कधीतरी लागणारी, आणि वर्षभरात हात न लागलेली. आमच्या घरी हा उद्योग एका रविवारी केला. तिघांच्या सामानात मिळून पाच हातोड्या, सात टेस्टर आणि चार मेजर टेप निघाल्या. एका घरात पाच हातोड्या कशाला? दोन ठेवल्या. दोन चाळीतल्या नवशिक्या पोरांना दिल्या. एक दांडा मोडलेली होती, ती भंगारात गेली.

पान्यांचे गणित समजून घेतले की निम्मी जागा सुटते. दोन्ही तोंडांच्या पान्यांचा आठ नगांचा संच येतो. ६-७, ८-९, १०-११ असे करत २०-२२ पर्यंत. म्हणजे आठ पान्यांत सोळा मापे. हा संच पुरा असेल तर सुटे पाने पेटीत बाळगायची गरज नाही. पण हे आठ पाने पेटीत नुसते टाकले तर ते पसरतात, एकमेकांत अडकतात. त्याला उपाय म्हणजे गुंडाळी. सौ.ने जुन्या जीनच्या पँटीचे कापड घेतले, त्यावर आठ उभे खिसे शिवले, वरून झाकायला पदर ठेवला आणि बांधायला नाडी लावली. लहान पाना एका टोकाला, मोठा दुसऱ्या टोकाला. गुंडाळले की मनगटाएवढे पुडके होते. उलगडून भिंतीला टांगले की हवा तो पाना न शोधता हाती येतो. एखादा खिसा रिकामा दिसला की कामावर काय राहिले तेही लगेच कळते.

लांब वस्तूंसाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे वापरावेत. हॅक्सॉचे पाते ३०० मिलिमीटरचे असते. त्याहून थोडा लांब पाइप कापून दोन्ही टोकांना टोपण बसवले की पाती मोडत नाहीत आणि कोणाचा हातही कापत नाही. कानशींचे मात्र वेगळे. कानस कानशीला घासली की दोघींचे दात जातात. म्हणून प्रत्येक कानस वेगळ्या फडक्यात गुंडाळावी. छिन्नीच्या धारेला जुन्या रबरी नळीचा तुकडा बसवावा. ड्रिलच्या पिनांसाठी लाकडी ठोकळ्याला त्या त्या मापाची भोके पाडावीत. स्क्रू, वॉशर, फ्यूज तार यांसाठी औषधांच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्या उत्तम, पण आत काय आहे ते बाहेर चिठ्ठीवर लिहावे आणि औषधाचे जुने लेबल आधी काढून टाकावे. घरात लहान मुले असतात.

पेटी भरतानाही क्रम असतो. जड वस्तू तळाला आणि मध्यभागी, म्हणजे उचलताना पेटी एका बाजूला झुकत नाही. त्यावर गुंडाळ्या. सर्वांत वर रोजची हत्यारे. व्हर्निअरसारखे मापाचे हत्यार आपल्याच डबीत, लोखंडाशी घासणार नाही असे. वायरमनने पकडीचे प्लॅस्टिकचे आवरण विशेष जपावे. ते कानशीने वा करवतीने कापले गेले, तर पकड दिसायला तीच राहते, पण करंटपासून वाचवणारी राहत नाही. नीट लावलेली पेटी जागा तर वाचवतेच, कधी जीवही वाचवते, तो असा.

वजनाचा हिशेब तर विरारच्या गाडीने जाणाऱ्या माणसालाच विचारावा. मुलाची पेटी आम्ही कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली, तेव्हा चौदा किलो भरली. सगळे लावल्यावर रोजचे सामान एका खांद्यावरच्या पिशवीत मावले आणि वजन आले साडेसहा किलो. सकाळच्या गर्दीत नालासोपाऱ्याला चढायचे आणि बोरिवलीला उतरायचे, तर हे साडेसात किलो म्हणजे काय हे सांगायला नको. पूर्वी त्याला दोन-दोन गाड्या सोडाव्या लागत. संध्याकाळी तो कमरेला गरम पाण्याची पिशवी घेऊन बसे. आता ती पिशवी आजी वापरते.

आपल्याकडे दुसरा शत्रू म्हणजे गंज. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो, आणि हवेत मीठ असेल तर तो लवकर चढतो. वसईला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. त्यात चार महिने पाऊस. काम झाल्यावर हत्यार कोरडे पुसावे आणि मशीन ऑइलचा हात फिरवावा. खोबरेल तेल लावू नये, ते पुढे चिकट होते. पेटीत खडूचे चार तुकडे फडक्यात बांधून ठेवावेत, थोडी ओल ते शोषतात. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही टाकू नयेत, पेटीत ठेवाव्यात.

गंजाची ही काळजी आजची नाही. भिक्षूजवळ असाव्यात अशा आठच वस्तू सांगितल्या आहेत. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. एवढ्यात त्याचा संसार. त्यातली सुईसुद्धा खराब होऊ नये म्हणून विनयपिटकाच्या चुल्लवग्गात किती बारकाईने सांगितले आहे! सुईसाठी नळी ठेवावी, तरी गंज चढला तर नळीत पीठ भरावे, तेही पुरले नाही तर दगडाची भुकटी भरावी, ती मेणात मिसळावी. एका सुईसाठी तथागतांच्या संघाने एवढा विचार केला. मग आपली सारी रोजी ज्यावर आहे ती हत्यारे आपण बादलीत कोंबून का ठेवावी?

आणि डब्यात डबा बसवण्याची विद्या तर आमच्या सोपाऱ्याचीच म्हणायला हरकत नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप खोदला. विटांच्या कोठीत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भिक्षापात्राचे लहान तुकडे. ज्याला आपण मोलाचे मानतो ते आत, जपून आणि जागेवर. वर्षानुवर्षे स्तूपाला वंदन करून परत येतो आम्ही, पण पेटी लावताना मला त्या करंडकांची आठवण होते.

पेटी नीट असण्याचा खरा उपयोग संकटात कळतो. मी ज्या शेवटच्या कारखान्यात होतो तो २०१७ साली एकाएकी बंद झाला. हिशेब अर्धाच मिळाला. सामान घेऊन निघालो तर गेटवर पेटी उघडायला लावली, कंपनीचे काही नेतो की काय म्हणून. प्रत्येक पान्यावर माझ्या नावाची अक्षरे कोरलेली होती, आणि झाकणाच्या आत सगळ्या हत्यारांची यादी चिकटवलेली होती. यादी आणि हत्यारे जुळली. ताठ मानेने बाहेर पडलो. माझ्यासोबतच्या एकाला मात्र स्वतःचीच हत्यारे सोडून यावे लागले, कारण ती त्याची आहेत हे दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हते.

२०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्यात पाणी भरले, रुळ बुडाले, गाड्या थांबल्या. आमच्या खोलीतही गुडघाभर पाणी आले. पण हत्यारे चार पुडक्यांत होती. सुनेने ती पाच मिनिटांत माळ्यावर टाकली. शेजारच्यांची जड पेटी दोघांनाही उचलली नाही. अशा वेळी भिजलेली हत्यारे आधी चांगल्या पाण्याने धुवावीत, म्हणजे चिखल निघतो. मग पूर्ण वाळवून तेल लावावे. नुसते पुसून ठेवली तर दोन दिवसांत लाल होतात.

मग २०२० चा मार्च आला. लोकल बंद झाली. जूनपासून ती सुरू झाली तीही अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठीच. मुलाची अंधेरी-बोरिवलीची कामे सगळी गेली. पण लोक घरात बसले होते, पंखे रात्रंदिवस फिरत होते आणि बिघडतही होते. खांद्यावरची पिशवी घेऊन तो चाळीतल्या चाळीत फिरला. कोणी पन्नास दिले, कोणी तांदूळ दिले. कोणाकडे काहीच नव्हते, त्यांचेही काम केले. त्या महिन्यांत चूल पेटत राहिली ती त्या पिशवीवर.

त्याच दिवसांत एकाने त्याला सुचवले, ड्रिल मशीन आणि पाने विकून टाक, चार पैसे येतील. सौ. आडवी आली. म्हणाली, "बाळा, माझ्या कानातलं गेलं तरी चालेल, हत्यार जाता कामा नये." तिने कायदा वाचलेला नाही, पण कायदाही तेच म्हणतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कर्जाच्या निवाड्यापोटी जप्त करता येत नाहीत अशा वस्तू दिल्या आहेत. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि त्यांच्याच रांगेत कारागिराची हत्यारे. जे कोर्टसुद्धा जप्त करत नाही, ते आपण आपल्या हाताने का विकावे?

मोठ्या कारखान्यांत आता भिंतीवर 'फाइव्ह एस'चे फलक दिसतात. जपानी पद्धत आहे ती. नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, स्वच्छ ठेवा, नियम बांधा आणि तो पाळा. पाच गोष्टी. त्यासाठी साहेब लोक शिबिरे घेतात. आपल्या बायका दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचा संसार लावतात, तेव्हा याच पाच गोष्टी करतात. म्हणून पेटी लावताना घरातल्या बाईचा सल्ला अवश्य घ्यावा. जागेची किंमत तिच्याइतकी कोणाला कळत नाही.

शेवटी एक. पेटीला कुलूप असावे, पण मुलांपासून ती लपवू नये. मोठ्या माणसाच्या देखत मुलांना हत्यार हाताळू द्यावे, आणि मुलींनाही. आमची नात आता तेरा वर्षांची आहे. पान्यावरचा आकडा न बघता, नुसता नट बघून ती सांगते, "बाबा, याला तेराचा लागेल." तिने फिटर व्हावे की इंजिनिअर, ते तिचे ती ठरवील. पण कोणते हत्यार कुठले, ते कसे जपायचे आणि काम झाल्यावर जागेवर कसे ठेवायचे, एवढे शिकलेले मूल कुठेही अडत नाही. येत्या रविवारी चादर पसरा, पेटी रिकामी करा, आणि मुलांना जवळ बसवा.