लळिंगची वाट आणि आमची मॅरेथॉन

धुळे शहरातून मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की आठ-दहा किलोमीटरवर लळिंगचा डोंगर लागतो. आपल्या माणसांना ही जागा नव्याने सांगावयास नको. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यावर उतरले. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे माणसांची रीघ लागते. आम्हीही लहानपणापासून आईवडिलांचे बोट धरून त्या दिवशी गेलो आहोत. तेव्हा पाऊस असतो, गवत कमरेएवढे असते.

यंदा मात्र नोव्हेंबरपासून जवळजवळ दर रविवारी आम्ही ही वाट तुडवली. कारण ऐकून वाचकांना हसू येईल. आम्हाला डोंगरावरची मॅरेथॉन धावायची आहे आणि ती आता आठ दिवसांवर आली आहे.

आम्ही म्हणजे धुळ्यात राहणारे, चाळिशी उलटलेले नवरा-बायको, आणि शनिवारी रात्री जळगावहून एसटीने येणारी आमची पुतणी व तिचा धाकटा भाऊ. पुतणी पोलीस भरतीची तयारी करते. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी ती पहाटे मेहरूण तलावाकाठी पळते. तिनेच ही शर्यत शोधून काढली. "काका, काकू, आपण सगळेच जाऊ," म्हणाली. आम्ही हो म्हटले. हो म्हणणे सोपे होते.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आपल्या भागाला हे अंतर परके नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत डोंगरपाड्यावर वाढली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. पण चौगुले आणि राऊत यांची शर्यत सपाटीवरची. डोंगरी शर्यतीत डांबर नसते. मुरूम, सुटे दगड, गवत, चढ आणि उतार असतो. तेथे घड्याळ फारसे कामाला येत नाही. सपाटीवर पाऊण तासात होणाऱ्या अंतराला येथे दोन तास लागले तरी लाज वाटण्याचे कारण नाही.

पहिल्याच रविवारी हे कळले. पुतणी जोरात निघाली आणि अर्ध्या चढावर धापा टाकीत बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. भावाने थट्टा केली. वस्तीत परतल्यावर कोणी सांगितले, मुलीच्या जातीला डोंगर झेपत नाही. आमच्या आत्या तेवढ्या गप्प होत्या. त्यांनी पोरीची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "हिचं रक्त तपासा आधी."

तपासले. हिमोग्लोबिन ९ निघाले. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे ते निदान १२ असावे लागते. रक्तातील हाच घटक प्राणवायू अंगभर पोचवतो. तो कमी असला की चढावर दम लागणारच, त्यात मुलीच्या जातीचा दोष नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. म्हणजे दोन घरांपैकी एका घरात तरी हे दुखणे आहे. मुलगी सर्वांना वाढून शेवटी जेवते, भाजी संपलेली असते, आणि आपण म्हणतो, ही नाजूकच आहे.

तेव्हा आमची खरी तयारी डोंगरावर नव्हे, चुलीजवळ सुरू झाली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवताना चहा बंद केला, कारण चहाने अन्नातील लोह अंगी लागत नाही. लिंबाने मात्र लागते. कळण्याची भाकरी, मेथी-चवळीची पालेभाजी, मोड आलेली मटकी, आठवड्यातून एकदा मटण किंवा कलेजी. आणि घरात एक नियम केला, पुतणी आली की सर्वांनी एकाच वेळी ताट घ्यायचे. दोन महिने ती पळाली नाही, फक्त चालली. तिला ते फार जड गेले. भरतीच्या मैत्रिणी पुढे जात आहेत, असे तिला वाटे. एकदा ती रडलीही. तेव्हा आत्या अहिराणीत म्हणाल्या, "डोंगर काय पयी जास का, पोरी?" डोंगर कोठे पळून जाणार आहे!

आत्यांचे वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी त्या डोंगरातून मोळ्या आणीत. त्यांनी ना बूट पाहिले, ना शर्यत. एका रविवारी आम्ही त्यांना रिक्षाने पायथ्याशी नेले. आमचे उतरणे पाहून त्या हसल्या. "टाच आपटू नका. पाऊल लहान टाका, गुडघा मोकळा ठेवा. पायाशी पाहू नका, तीन पावलं पुढे पाहा. डोक्यावर मोळी आहे असं समजा." त्याप्रमाणे उतरलो आणि घसरणे निम्म्यावर आले. उतारावर मांडीचे स्नायू ब्रेकचे काम करतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच दुखतात. यासाठी उताराचीही सवय करावी लागते, ती थोडी थोडी वाढवावी लागते. त्या दिवसापासून भाचा म्हणू नका, पुतण्या म्हणू नका, घरातले सारेच आत्यांना गुरू म्हणू लागले.

फेब्रुवारीत मोठी चाल ठरवली. चाळीसगावहून पाटणादेवी, आणि तेथून सातमाळ्याचा डोंगर चढून पितळखोऱ्याची लेणी. हा सारा प्रदेश १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतो. तेथे पळायचे नाही, आरडाओरडा करायचा नाही, वाटाड्याशिवाय जायचे नाही, असे आम्ही ठरवले. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून अंगाला वासाचे काही लावले नाही.

पहिली खेप फसली. निघायलाच आठ वाजले. अकरापासून ऊन तापू लागले, पानगळीमुळे सावली नाही. बरोबरच्या बाटल्या निम्म्या वाटेतच संपल्या. पुतण्याच्या पोटऱ्यांना गोळे आले. लेणी आता जवळच आहेत, असे वाटाड्या सांगत होता. "इथवर येऊन परत?" पुतण्या हट्टाला पेटला. निर्णय त्याच्या बहिणीने दिला. "पाणी संपलं आहे. आपण परत जातोय." दोन महिने तिला थांबायला सांगितले गेले होते. थांबणे म्हणजे हरणे नव्हे हे आमच्यात तिलाच सर्वांत आधी कळले होते.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पहाटेच चाळीसगाव सोडले आणि उजाडताच चढायला लागलो. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी, त्यातील एका बाटलीत मीठ, साखर आणि लिंबू. घाम गळत असता नुसते पाणी पीत राहणे धोक्याचे असते, अंगातील मीठ उतरते. फडक्यात शेंगदाणे, गूळ आणि आमच्या जळगावची केळी. पळस पेटल्यासारखा फुलला होता. साडेदहाच्या आत लेण्यांसमोर होतो.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची ही बौद्ध लेणी. भिंतीखाली रांगेने उभे हत्ती आहेत. शिलालेखांत पैठणच्या दात्यांची नावे आहेत, त्यांत गंधिक कुळातील मित्रदेव आहे. येथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे, ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. खानदेशातून पैठणकडे जाणारे व्यापारी, भिक्खू आणि कारागीर या डोंगरातील वाटांनी पायीच चढले असतील. आम्ही बूट काढून थंड दगडावर बसलो. पुतणीने नाडी मोजली आणि हसली. तिला दम लागला नव्हता.

गेल्या आठवड्यात तिचे रक्त पुन्हा तपासले. ११.६ निघाले. डॉक्टर म्हणाले, सुधारणा चांगली आहे, पण पूर्ण अंतर यंदा नको. आम्हाला वाटले, ही पुन्हा रडेल. तिने शांतपणे अर्ज बदलला आणि ४२ ऐवजी २१ किलोमीटरची शर्यत घेतली. काकूही तिच्यासोबत २१ धावणार आहेत. पूर्ण अंतराला काका आणि पुतण्या राहिले, त्यांतील काकांचा भरवसा नाही.

ज्यांच्या घरी धावणारी मुलगी आहे, त्यांना एवढेच विनवणे. बुटांना पैसे मोजण्याआधी तिच्या रक्ताच्या तपासणीला मोजा. सरकारी दवाखान्यात ती होते. आणि चढ आला तर चालू द्या, चालणे हासुद्धा डोंगरी शर्यतीचा भाग आहे.

पिशव्या भरून दाराशी ठेवल्या आहेत. आत्यांनी गुळाची ढेप फोडून पाच पुड्या बांधल्या आहेत. पाचवी कोणाची, असे विचारले तर म्हणाल्या, "माझी. शेवटच्या उतारावर मी उभी राहणार आहे. बघते, कोण टाच आपटतंय ते."