पंखा बंद करा, कॉम्प्युटर ऐकतोय

आमच्या पिढीने कॉम्प्युटरशी बोलता यावं म्हणून भर मे महिन्यात पंखे बंद केले. परभणीचा मे, वर पत्रे आणि कानाला हेडफोन. पंख्याची घरघर माइकमध्ये शिरली तर सगळी मेहनत वाया, म्हणून घाम पुसत पडद्यावरचे इंग्रजी उतारे मोठ्याने वाचायचे. याला ट्रेनिंग म्हणत. ते कॉम्प्युटरचं आहे अशी आमची समजूत होती. शिस्त मात्र आम्हाला लागत होती. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला आलेल्या जीपचा हॉर्न वाजला की गप्प बसायचं, परळीची गाडी शिट्टी देऊन पुढे गेली की पुन्हा पहिल्या ओळीपासून.

आता शेजारचे आबा बांधावर उभे राहून पीक विम्याची तक्रार फोनला तोंडी सांगतात. बाजूला ट्रॅक्टर चालू, वारा सुटलेला, गालात तंबाखू. उतारे वाचून दाखवायला त्यांना सवड नाही आणि फोनलाही उताऱ्यांची गरज नाही. पहिल्याच दमात बराचसा मजकूर बरोबर उमटतो. आम्ही तोंडाने कौतुक करतो आणि मनातून थोडे जळतो.

आमच्या वेळी मराठीचा प्रश्नच नव्हता. 1997 साली ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग आणि आयबीएमचं व्हायाव्हॉइस आलं, तेव्हा सलग बोललेलं टिपणारा कॉम्प्युटर हेच अप्रूप होतं. त्याआधी दर शब्दानंतर थांबावं लागे. 2001 च्या ऑफिस एक्सपीत ही सोय आयतीच मिळाली, पण इंग्रजी, चिनी आणि जपानी या तीनच भाषांत. मग काय, आम्ही इंग्रजी बोललो. पण ती परभणीची इंग्रजी होती आणि यंत्राला अमेरिकेची अपेक्षा होती. अर्ध्या ओळी भलत्याच उमटत. त्या दुरुस्त करण्यात जेवढा वेळ जाई, तेवढ्यात अख्खं पान हाताने टाइप झालं असतं. तरी आम्ही बोलत राहिलो. भारनियमनाचे दिवस होते. शिकवलेलं सेव्ह होण्याआधी लाइट गेली की यूपीएस टीं टीं करी आणि घरातून कोणीतरी विचारी, ‘झालं का रे तुझं बोलून?’

आज लाइट गेली तरी फोन चालतो, आणि मराठीही चालते. 2017 च्या ऑगस्टमध्ये गूगलने व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आणली. पण त्याआधीही मराठी ऐकणारं यंत्र घडत होतं. बाजारभाव फोनवर सांगता यावेत म्हणून आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले. माल आणि बाजार तोंडाने सांगायचा, भाव कानाने ऐकायचा. कॉम्प्युटर विकत घ्यायची गरजच नाही. आम्ही बंद खोलीत परक्या भाषेला चिकटून बसलो होतो, आणि शहाणी माणसं आमच्याच शेजाऱ्यांचा आवाज टिपायच्या मागे लागली होती.

हळहळ वाटते ती आमच्या आवाजाची ओळख साठवणाऱ्या एका फाइलची. तिला व्हॉइस प्रोफाइल म्हणत. ती आपल्याच डिस्कवर, आपल्याच नावाने असे. धाकट्या भावाने माइक हातात घेतला की तेच सॉफ्टवेअर बावचळून जाई, आणि आम्हाला त्याचा कोण अभिमान! सालगड्यासारखं ते एकाच घरी राबे. आताचं रोजंदारीवर, येईल त्याचं काम करतं.

नवा कॉम्प्युटर आला की ही सोयरीक तुटे. पिनांपासूनच तुटे म्हणा: पूर्वी गुलाबी माइकची, हिरवी कानाची, आता एकच भोक, त्यात जुना माइक घातला तरी मुका. पुढे इन्स्टॉलर. 16-बिटचा प्रोग्राम 64-बिट विंडोजवर सुरूच होत नाही. बाकीच्यांसाठी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, आणि यादीतून विंडोज एक्सपी निवडायचं. कधी चाले, बहुतेकदा नाही. जुनं प्रोफाइल नव्या आवृत्तीत नेणं हा आणखी एक सोपस्कार, आणि तो फसला की पुन्हा उतारे. ऑफिसमधली ती सोय 2007 च्या आवृत्तीत गेली. व्हिस्टापासून विंडोजमध्ये असलेली तिची धाकटी बहीण 2023 च्या डिसेंबरात मोडीत निघाल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. तिच्या जागी व्हॉइस ॲक्सेस आलं.

नव्याचीही कुरकुर आहेच. रेंज गेली की पुष्कळ फोन बहिरे होतात. आमचं खोकं निदान घरातल्या घरात चुका करत असे. आबा ‘करायलो’ म्हणतात, फोन ‘करायला’ लिहितो. आबांना त्याचं काही वाटत नाही. ‘सायबाला कळलं म्हंजे झालं,’ म्हणतात. आम्हीच वाकून अक्षर दुरुस्त करतो. ती खोड जुनीच.

एक्सपीचा तो कॉम्प्युटर कोणी भंगारात दिला, कोणी माळ्यावर टाकला. प्रोफाइल सीडीवर उतरवून ठेवायची दूरदृष्टी मात्र आम्हा बऱ्याच जणांना होती. सीडी शाबूत आहे. तिच्यावर स्केच पेनने लिहिलेलं नावही वाचता येतं. तेवढंच वाचता येतं, कारण घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नाही.