एलिसला जाऊ दिलं ते बरंच झालं

मोंटा एलिस मला अजूनही आवडतो. 2009-10 च्या मोसमात त्याने गोल्डन स्टेट वॉरियर्ससाठी सामन्याला सरासरी 25.5 गुण केले. तरी मार्च 2012 मध्ये, तो 26 वर्षांचा असताना, त्याला मिलवॉकीला ट्रेड केलं ते बरोबरच होतं.

गुण दिसतात. पण समोरचा गार्ड त्याला चकवून आत घुसतो, मग सेंटर आपला माणूस सोडून धावतो आणि कुणीतरी मोकळा राहतो. ही बास्केट स्कोअरशीटवर एलिसच्या नावे लागत नाही. (आमच्याकडेही कौतुक नव्या फीचरचं होतं, रात्री दोनला सर्व्हर सांभाळणाऱ्याचं नाही.) शेजारी स्टीफन करी, तोही लहान चणीचा. मग धिप्पाड गार्डला अडवणार कोण? नवखा क्ले थॉम्पसन ते करू शकत होता.

बदल्यात मुख्यतः अँड्र्यू बोगट आला, तोही घोटा मोडलेला. आठवड्याच्या आत, क्रिस मलिनच्या सत्कारात, प्रेक्षकांनी मालक जो लेकबची हुर्यो उडवली. मी तिथे असतो तर मीही ओरडलो असतो. तेव्हा करीचेही घोटे सारखे दुखावत होते. म्हणजे हा चक्क जुगार होता.

2015 मध्ये वॉरियर्स जिंकले, बोगट संघात होता. एलिसला विजेतेपद कधीच मिळालं नाही.