अंगठा लागला नाही तर?



मागच्या महिन्यात मिरजेत आपली बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर एका कार्यकर्त्याने मोबाइल पुढे केला. पोरगा विशीतला, इंजिनिअरिंगला. व्हिडिओ अमेरिकेतल्या 'स्मार्ट गन'चा होता. पिस्तूल मालकाचं बोट आणि चेहरा ओळखतं, दुसऱ्याच्या हातात गेलं तर चालत नाही. तो म्हणाला, "दादा, अॅट्रॉसिटीच्या नियमांत आपल्याला शस्त्र परवाना मिळायची तरतूद आहे. आपण अर्ज करायचे आणि सरकारकडे असलंच पिस्तूल मागायचं. हिसकावून घेतलं तरी आपल्यावर चालणार नाही."

मी तेव्हा हसलो. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं. पोराचा प्रश्न खोटा नाही, आणि प्रश्न खरा असेल तर उत्तरही नीट द्यायला पाहिजे.

आधी त्याचं बरोबर काय ते मान्य करतो. 1995 च्या नियमांत नियम 3 आहे. जिथे अत्याचाराची शक्यता आहे तिथे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी शासन शस्त्र परवाना देऊ शकतं, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे पोलीस वेळेवर पोचत नाहीत, हे सरकारने स्वतःच्या कागदावर कबूल केलंय. 2007 च्या एप्रिलमध्ये माण तालुक्यातल्या कुळकजाईत विहिरीच्या कामावरून एका बौद्ध शेतकऱ्याला जमावाने ठार मारलं. 2010 मध्ये साताऱ्याच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. हे वाचून ज्याच्या डोक्यात बंदूक येत नाही, त्याला मी दोष देणार नाही. त्यात आपल्या सातारा-सांगलीला प्रतिसरकारचा इतिहास आहे. बंदुकीचं कौतुक इथल्या मातीतच आहे. मग संयम फक्त आम्हीच का पाळायचा, हा त्याचा सवाल रास्त आहे.

आता त्या यंत्राकडे बघू. स्मार्ट गन तिकडे ज्या दुखण्यासाठी निघाली ते दुखणं वेगळं आहे. तिकडे घरोघरी बंदुका, लहान पोराच्या हाती लागते, चोराच्या हाती लागते. म्हणून मालक ओळखणारं कुलूप. आर्मॅटिक्स नावाच्या जर्मन कंपनीचं पिस्तूल मनगटावरच्या घड्याळाशी जोडलेलं होतं. घड्याळ जवळ असेल तरच चालायचं. 2017 मध्ये एकाने काही डॉलरच्या लोहचुंबकांनी ते घड्याळाशिवाय चालवून दाखवलं. 2023 मध्ये बायोफायर कंपनीने बोट आणि चेहरा ओळखणारं आणलं. किंमत दीड हजार डॉलर, म्हणजे लाखाच्या वर. आपल्याकडे 2014 मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने बायकांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं. तेही सव्वा लाखाच्या घरात. द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्या बाईला ते कोणत्या हप्त्यावर मिळणार?

आणि बोट ओळखण्याचं म्हणाल, तर ते आपल्याला नवं नाही. माझी आई आयुष्यभर ऊस खुरपत आली. रेशन दुकानात तिचा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, "हात पुसा, परत ठेवा." ती पदराला पुसते, परत ठेवते. चौथ्यांदा कधी लागतो, कधी लागतच नाही. मग, उद्या या. तांदूळ उद्या आणता येतो. दारात जमाव असताना पिस्तूल "परत प्रयत्न करा" म्हणालं तर? ज्यांच्या हातावरच्या रेषा कामाने झिजल्यात, त्यांचं रक्षण त्या रेषांवर टांगायचं, हे मला पटत नाही.

समजा यंत्र बिनचूक आहे. तरी माझी शंका जात नाही. कारण माझ्या घरात बंदूक होती.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. नंतर बँकेत वॉचमन. बाराबोर बंदूक, रीतसर परवाना. एका 14 एप्रिलला आमची मिरवणूक गावच्या चौकात अडवली. दगड आले. दोन पोरांची डोकी फुटली. एक जण धावत घरी आला, "तात्या, बंदूक काढा." तात्या ट्रंकेवर जाऊन बसले आणि उठलेच नाहीत. म्हणाले, "बंदूक बाहेर आली की दगड कुणी मारले हे कुणी विचारणार नाही."

त्या रात्री मला त्यांचा राग आला होता. पळपुटे वाटले. पुढे कोर्टकचेऱ्या बघितल्या तेव्हा कळलं. आपण अॅट्रॉसिटी दाखल केली की समोरून 395 ची क्रॉस केस येते. ज्याच्या घरात धड भांडी नाहीत त्याच्यावर दरोड्याचा गुन्हा. आता कायद्याचं नाव आणि कलमाचा आकडा बदलला, पद्धत तीच आहे. अशा ठिकाणी आपल्याकडून एक गोळी सुटली तर स्वसंरक्षणाचा हक्क पुस्तकात राहील आणि आपला माणूस खुनाच्या प्रयत्नाखाली आत जाईल. पिस्तूल मालकाचं बोट ओळखेल हो, पण फिर्याद लिहून घेणारा कोणाला ओळखतो?

शिवाय परवान्याची बंदूक निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला सांगतात. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन जयंतीत. आणि आपल्यावरचा बराचसा हल्ला गोळी घालण्यासारखा नसतोच. गिरणीवाला दळण घेत नाही, शेतातली वाट बंद होते, कामाला बोलावणं येत नाही. बहिष्कारावर नेम कुठे धरायचा? 2023 मध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगला बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली. तिथल्या आपल्या लोकांनी घरं सोडली आणि बायकापोरांसह मुंबईच्या वाटेने चालायला लागले. त्या चालण्याने जे राज्यभर पोचलं, ते कमानीखाली पिस्तूल घेऊन उभं राहून पोचलं नसतं.

1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. तेव्हा सभेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. ते नुसत्या इशाऱ्याची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. ती भीती नव्हती. तो हिशोब होता. तात्यांना हे कुणी शिकवलं होतं की त्यांचं त्यांना कळलं होतं, मला माहीत नाही.

मग हातावर हात ठेवून बसायचं? नाही. त्याच नियम 3 मध्ये, आपल्याला परवाना देण्याच्या कलमाच्या आधी दुसरं एक कलम आहे. अशा भागात दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत. त्याच्या पाठोपाठ, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात. हे कलम घेऊन आपण किती वेळा कलेक्टर कचेरीत गेलो? आपली बंदूक मागण्याआधी त्यांची काढून घ्या, ही मागणी जास्त धारदार आहे आणि ती कायद्यात छापलेली आहे.

नियम 17 प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला पाहिजे. सातारा आणि सांगलीत मागची कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात मागा. आणि तंत्रज्ञानच हवं असेल तर ते कायद्यातच आहे. कलम 15 अ प्रमाणे अॅट्रॉसिटीच्या सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण झालं पाहिजे. साक्षीदार फुटतात, जबाब फिरतात, तिथे तो कॅमेरा आपल्या पिस्तुलापेक्षा जास्त कामाचा आहे.

कुणाला खरोखर जिवाची भीती असेल आणि तो परवान्याचा अर्ज करत असेल, तर त्याचा अर्ज मी स्वतः लिहून देईन. तो त्याचा हक्क आहे. पण संघटनेची मागणी म्हणून स्मार्ट गन मला मान्य नाही. त्या पोराला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पटलं नाही पूर्ण."

मी म्हटलं, हरकत नाही. सोमवारी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायला तरी ये.

तो येतो म्हणालाय.

जयभीम.