अपील कर, सोनू

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस, ‘मावशी, नोकरी गेली ती गेली. आता बेकारी भत्त्यासाठी भांडून आणखी शोभा कशाला?’ तुझा आवाज ऐकून तेव्हा मला वाद घालवेना. म्हणून लिहिते आहे. ईडीडीची, म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याची, भत्ता नाकारल्याची नोटीस शेजारी घेऊन वाच.

सगळ्यात आधी ती नोटीस टपालात टाकल्याची तारीख बघ. त्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करायचं असतं. पाकीट तुझ्या हातात कधी पडलं ते धरत नाहीत. सोबतच्या अर्जात लांबलचक कैफियत लिहू नकोस. निर्णय मान्य नाही, मी गैरवर्तन केलेलं नाही, एवढं पुरे. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. आधी अर्ज धाड, उरलेलं पत्र मग वाच.

आता मुद्द्याचं. कॅलिफोर्नियात मालक जवळजवळ कुठल्याही कारणाने, कारण न देताही, माणसाला काढू शकतो. पण भत्ता नाकारायचा तर काढलं एवढं पुरत नाही. तू जाणूनबुजून, किंवा परिणामांची मुळीच पर्वा न करता, कर्तव्य मोडलंस आणि त्याने मालकाचं नुकसान होण्यासारखं होतं, हे दिसावं लागतं. आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. काम न जमणं, नवं शिकायला वेळ लागणं, एखाद्या वेळी नजरचूक होणं, प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय फसणं, यातलं काहीच गैरवर्तनात मोडत नाही. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली एका टॅक्सी कंपनीच्या खटल्यात ही रेघ आखली आणि पुढे कितीतरी राज्यांनी ती उचलली.

तुझ्या हातून काय झालं? बिलांचे कोड चुकले. दवाखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं, शिकवायला कोणी नव्हतं, तू मदत मागणारे ई-मेल पाठवलेस. यात बेपर्वाई कुठे आहे? बेपर्वा माणूस मदत मागत नाही, सोनू.

मग नकार का आला? मला वाटतं, तो ईडीडीने फोनवर घेतलेल्या तुझ्या मुलाखतीत आला. नियम माहीत होते का, असं त्यांनी विचारलं आणि तू म्हणालीस, ‘हो, माझंच चुकलं.’ आपल्या घरात हेच शिकवलं जातं. मोठ्यांशी हुज्जत घालू नये, दोष पदरात घ्यावा, विषय मिटवावा. घरात त्याने विषय मिटतोही. तिथे मात्र ते कबुली म्हणून टिपलं गेलं असणार, आणि पलीकडून मालकाने ‘सूचना मुद्दाम धुडकावल्या’ असं कळवलेलं. एवढ्या त्रोटक माहितीवर पहिला निर्णय होतो. तुझ्या दहा वर्षांच्या इमानी नोकरीचा हा न्याय झाला, असं कृपा करून समजू नकोस.

आणि शोभेचं म्हणशील, तर हे दान नाहीच. हा विमा आहे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून देशभर उभा राहिलेला. कॅलिफोर्नियात त्याचा कर मालक भरतात, तोही तुझ्यासारख्या प्रत्येक कामगारामागे. माजी कामगारांना जितका भत्ता दिला जातो, तितका त्या मालकाच्या कराचा दर वाढू शकतो. म्हणून काही मालक हट्टाने विरोध करतात. ग्रीन कार्डाची किंवा नागरिकत्वाची भीती कोणी घातली असेल तर तीही सोड. हा भत्ता ‘सरकारवर बोजा’ या हिशेबात धरला जात नाही. आपल्या ओळखीतली एच-वन-बी व्हिसावरची मुलं नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधण्याच्या धास्तीत असतात, त्यांना बहुधा हा भत्ता मिळतच नाही. तुला हक्क आहे. आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, सहसा २६ आठवड्यांपर्यंत. बे एरियात त्यात भाडंही भागणार नाही हे मला कळतं. पण गैरवर्तनाचा शिक्का राहिला तर नव्या नोकरीत आठवडी भत्त्याच्या पाचपट कमाई होईपर्यंत हे दार बंद राहतं. ते असं मुकाट्याने बंद होऊ देऊ नकोस.

तुला एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. अमाडोर नावाच्या या बाई सॅन मटेओ काउंटीच्या रुग्णालयात ऊतींचे नमुने तपासणीसाठी तयार करायच्या. जिवंत रुग्णांच्या ऊतींतून कुठला भाग तपासायचा ते निवडून कापण्याचं काम त्यांना सांगितलं गेलं. ते आपल्या शिक्षणापलीकडचं आहे, चूक झाली तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल, म्हणून त्यांनी नकार दिला. नोकरी गेली, भत्ताही नाकारला गेला. अपील मंडळातसुद्धा त्या हरल्या. त्या थांबल्या नाहीत, आणि १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वाजवी कारणासाठी, सद्हेतूने दिलेला नकार म्हणजे गैरवर्तन नव्हे. त्यांनी तर सरळ आज्ञा मोडली होती. तू आज्ञा पाळता पाळता चुकलीस. तुझी बाजू किती भक्कम आहे बघ!

अपिलाचा निकाल लागेपर्यंत दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करत राहा, म्हणजे त्या आठवड्यांचा भत्ता मागत राहा, काम शोधल्याची नोंद ठेव. जिंकलीस तरी ज्या आठवड्यांचं सर्टिफिकेशन नाही त्यांचे पैसे अडकतील. काढल्याचं पत्र, ताकीद दिल्याचे कागद, तुझ्याकडे आहेत ते ई-मेल तारखेप्रमाणे लाव. रुग्णांची नावं, बिलं यातलं काही जवळ ठेवू नकोस. अपिलाच्या सुनावणीआधी फाइल बघायला माग. मालकाने काय लिहिलंय ते तुला आधी कळलंच पाहिजे.

सुनावणीत शपथेवर बोलायचं असतं. समोरून एचआरचा माणूस आला आणि तुझ्या टेबलाशी काय घडलं ते त्याने स्वतः पाहिलेलं नसेल, तर त्याच्या ऐकीव माहितीपेक्षा तुझ्या शब्दाला वजन आहे. न्यायाधीश शेवटच्या घटनेबद्दल खोदून विचारतील, कारण काढण्याचं कारण तिथे असतं. तेवढंच सांग. बॉसचा स्वभाव, सहकाऱ्यांची राजकारणं यात शिरू नकोस. इंग्रजीत अडखळशील असं वाटत असेल तर दुभाषा विनामूल्य मिळतो. तो मागण्यात काही कमीपणा नाही. खोटं एक अक्षर बोलू नकोस, आणि न केलेला गुन्हा नम्रतेपोटी कबूलही करू नकोस.

ताईला मी समजावलंय, ती आता तुझ्यामागे ‘जाऊ दे’चा धोशा लावणार नाही. शनिवारी कागद घेऊन इकडेच ये, दोघी मिळून तारखा लावू. त्याआधी नोटिशीवरची तारीख मला आजच कळव.

तुझी,
मावशी