आज्जाची उठबस

आमचा आज्जा निपाणीच्या तालमीतला. लाल माती, जोर-बैठका, दूध-बदामाचा खुराक. अंग फारच ठणकलं की वस्ताद म्हणायचे, "आज इसावा घे, अंग भरू दे." विश्रांतीत अंग भरतं ते कसं, हे मला बीएस्सीला आल्यावर कळलं.

स्नायूचा तंतू म्हणजे अनेक केंद्रकं असलेली एक लांब पेशी. ही केंद्रकं विभागत नाहीत. पण तंतूला चिकटून, त्याच्या बाहेरच्या आवरणाखाली काही मूळपेशी निजलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या पाहिल्या आणि 'सॅटेलाइट सेल' असं नाव दिलं. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि तंतूत मिसळून तो दुरुस्त करतात. काही मात्र पुढच्या वेळेसाठी परत निजतात.

गेल्या वर्षी खुब्याच्या ऑपरेशननंतर आज्जाच्या मांड्या पार वाळल्या. भेटायला येणारे म्हणायचे, "आता या वयात काय मांस भरणार?" म्हातारपणी या पेशी कमी होतात, जागं व्हायलाही वेळ लावतात, हे खरं. पण त्या संपत नाहीत. नव्वदीतल्या माणसांचीही व्यायामानं ताकद वाढल्याचं अभ्यासात दिसलंय.

डॉक्टरांना विचारून खुर्ची धरून उठबस सुरू केली. जेवणात अंडं आणि डाळ वाढवली. मी मोजायची, आज्जा चिडायचा, "वस्ताद झालीस की गं!" आता तो काठी टेकत परसापर्यंत एकटा जातो. पायरीला अजून हात द्यावा लागतो.

तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. उठबस कधी सुरू करायची, हे डॉक्टरांना विचारा.